उडणाऱ्या माणसाचा दुसरा भाग

तो सिनेमा कसा होता असं कोणी विचारलं, तर चांगला होता असंच मी सांगेन. जवळजवळ तीन तास हसवलं त्याने. पण गोष्ट काय होती म्हणाल तर मला सांगता यायची नाही. थेटरातून निघून बसमध्ये बसले तोवरच निम्मी विसरले होते. त्या सिनेमापायी मी जे केलं ते मात्र पक्कं ध्यानात आहे. कोण कुठे बसलं होतं, कोणाच्या अंगावर कोणत्या रंगाचं लुगडं होतं, तेही. सांगण्यासारखं नाही, पण सांगते.

मी बाळकुमची. लग्न झालं तेही बाळकुममध्येच, माहेर चार घरं सोडून. शाळा चौथीपर्यंत. सकाळी ठाण्याच्या मार्केटात मासळी विकायची आणि लग्नसराईत धवले गायचे. आम्हा खाडीकाठच्या माणसांत भटजीच्या आधी धवलारीण लागते. ती पाटावर बसून धवले म्हणते आणि तिच्या गाण्याप्रमाणे एकेक विधी पुढे सरकतो. ती थांबली की सगळे थांबतात. हे मला माझ्या आत्याने शिकवलं. आत्या गेल्यावर गावातली बरीचशी लग्नं माझ्याकडे आली. मी चाळिशीची असेन तेव्हा. म्हातारी माणसंसुद्धा मला वाट द्यायची. मला ते आवडायचं.

हळदीच्या संध्याकाळी धवलारणीचं पहिलं काम म्हणजे बोलावणं. आधी देवांना बोलवायचं, गावदेवीपासून. मग घरातल्या मेलेल्यांना. पणजा, आजा, बाप असे वरून खाली येत एकेकाचं नाव घ्यायचं, लग्नाला या म्हणायचं. प्रत्येक नावाला एक सवाशीण सुपात चिमूटभर तांदूळ ठेवते. जो नुकता गेला असेल त्याला घरातल्या पहिल्या लग्नात असं नावाने बोलावलं की तो पितरांत जाऊन बसतो. तोवर तो दाराबाहेर उभा असतो, असं आम्ही मानतो. कोणी हसेल तर हसू दे.

नावं कागदावर लिहून न्यायची पद्धत नाही. आत्या म्हणायची, कागद बघून बोलावलं तर पितरांना वाटेल पोस्टमन आलाय. तिने मला बोटांच्या पेरांवर नावं बसवायला शिकवलं. एका पेरावर एक नाव. बोलावण्याआधी आंघोळ करायची, घरी दिवा लावून अर्धा तास एकटीने बसायचं आणि पेरं मोजत नावं फिरवायची. हा अर्धा तास चुकवायचा नाही. तिने दुसरं काही इतकं बजावलं नव्हतं.

आता सिनेमाचं. माझी धाकटी जाऊ सिनेमावेडी. तिने मला उडणाऱ्या माणसाचा पहिला भाग दाखवला होता, आदल्या वर्षी. हिंदी सिनेमा. पोस्टातला कारकून कसल्यातरी विहिरीचं पाणी पितो आणि उडायला लागतो. पिवळे कपडे घालतो आणि लोकांना वाचवत सुटतो. त्याला धरलेल्या तारा दिसायच्या, तरी लोक टाळ्या वाजवायचे. मी तोंडावर पदर धरून हसले. मग पदर सोडून हसले. अंधारात मला कोणी ओळखत नव्हतं. मला पाटावर बसून हसायची सोय नव्हती, बाजारात हसलं तर गिऱ्हाईक भाव पाडतं, घरी सासरा होता. इतकं मोठ्याने हसून मला किती वर्षं झाली होती कोण जाणे.

दुसरा भाग आला तेव्हा जावेने महिनाभर आधीच सांगून ठेवलं. पण मासळी, पावसाआधीची सुकी मासळी भरणं, लग्नं, यात जमेना. आणि मग तो थेटरातून जायची वेळ आली.

त्याच आठवड्यात माझ्या मैत्रिणीच्या मुलीचं लग्न होतं. मैत्रीण म्हणजे लहानपणापासूनची. एकत्र खाडीच्या चिखलात निवट्या धरल्या, एकत्र न्हाण आलं. तिचा नवरा तीन भावांतला मधला. तो दोन वर्षांआधी काविळीने गेला होता. जाण्याआधी त्याचं आणि भावांचं वाजलं होतं. थोरला आणि धाकटा शेत बिल्डरला द्यायला निघाले होते, हा सही करेना. बोलणं बंद झालं, चूल तर आधीच वेगळी होती. तो मेल्यावर भावांनी खांदा दिला, तेरावं केलं, पण त्याचं नाव घरात निघत नसे. मुलीच्या लग्नासाठी मात्र सगळे एकत्र आले. बाप नसल्यामुळे कन्यादानाला थोरला काका आणि काकी बसणार होते.

लग्नाच्या आधी चार-पाच दिवस मैत्रीण माझ्या दारात आली. मी सुकट पाखडत होते. ती उंबऱ्यावर बसली.

"बोलावणं तूच म्हणणार ना गो?" ती म्हणाली.

"मग काय तुझी विहीण म्हणणार?"

"मस्करी नको. त्याला नीट बोलव. आईबापाच्या खाली लगेच. त्यांच्यातला कोणी काय बोलला तर ऐकू नको."

"कोण बोलायला लागलंय?"

"कोणी नाय. पण थोरल्याच्या डोळ्यात दिसतं." तिने उंबऱ्यावर सांडलेली सुकट वेचली. मग म्हणाली, "मला तर हळदीला हात लावायचा नाय. मी दाराच्या आड उभी राहून ऐकेन. तेवढंच माझं."

विधवेला हळदीत हात नाही. आपल्या पोटच्या मुलीच्या अंगाला हळद लावतात ती तिने लांबून बघायची, ही आमची रीत. मी स्वतः कित्येक बायकांना हाताने मागे सारलेलं आहे. म्हणून ती काय मागत होती ते मला नीट कळलं होतं. आज कोणी म्हणेल, तुला कळलं नसेल. मला कळलं होतं.

मांडव घालायच्या दिवशी थोरला मला बाजूला येऊन भेटला. "बाय, नावं कोणकोणती घेणार?" एवढंच विचारलं त्याने. मी म्हणाले, "दादा, जी आहेत ती." त्याने मान हलवली आणि गेला. हे चारपाच बायकांनी पाहिलं. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही.

हळद गुरुवारी होती. गुरुवारीच सिनेमाचा शेवटचा दिवस, शुक्रवारी थेटरात दुसरा लागणार. सकाळी जाऊ आली. मी मार्केटातून येऊन पाटी उपडी घालत होते.

"जाऊबाई, तीनचा खेळ आहे. सहाला सुटतो. हळद दिवेलागणीला. मी हिशोब केलाय."

"मला दुपारपासून तिथे बसावं लागतं. वेड लागलंय का तुला?"

"मग नका येऊ. मी एकटी जाते. म्हणतात की यात त्याचं लग्न झालंय आणि बायको त्याला वर माळ्यावरचे डबे काढायला लावते."

मी हसले. तिथेच मी गेले समजा.

मैत्रिणीच्या घरी मी निरोप धाडला की घसा बसलाय, संध्याकाळपर्यंत पडून राहते, म्हणजे बोलावण्याला आवाज लागेल. हे मी खोटं बोलले. घरातले सगळे मांडवाकडे गेल्यावर दाराला कुलूप घालून जाऊ नि मी मागच्या वाटेने, बांधावरून, हमरस्त्याला आलो आणि बस धरली. टेंभी नाक्यावर उतरून चालत गेलो, म्हणजे गावातलं कोणी स्टँडवर भेटायला नको. मी दोन मुलांची आई, डोक्यावरून पदर, आणि पोरीसारखी लपत चालले होते. आणि खरं सांगायचं तर मला त्याचीही मजा वाटत होती.

सिनेमातलं मला आठवतं ते असं. बायको त्याला चौथ्या मजल्यावरच्या दोरीवर कपडे वाळत घालायला सांगते आणि तो उडत उडत चिमटे लावतो. खाली शेजारीण बघते, तिच्या हातातलं भांडं पडतं. एक पत्र्याचा टोप घातलेला दुष्ट माणूस होता, तो बोलला की टोप वाजायचा. मध्ये त्याची उडायची ताकद जाते, का जाते ते आठवत नाही, आणि तो गच्चीवरून कोंबड्यांच्या खुराड्यात पडतो. जाऊ इतकी हसली की तिला उचकी लागली. मी तिच्या पाठीत बुक्क्या मारत हसत होते. गाणी होती, एकही आठवत नाही. शेवटी तो जिंकला असणार. कसा ते माहीत नाही. पहिल्या भागात विहीर होती, ती यात होती का नव्हती तेही सांगता येत नाही. बाहेर आलो तेव्हा गाल दुखत होते.

बस लवकर मिळाली नाही. गावात पोहोचलो तेव्हा मांडवात दिवे लागले होते. मी घरी जाऊन तोंडावर पाणी मारलं, हिरवं लुगडं नेसले, कुंकू लावलं आणि गेले. आंघोळ नाही, दिवा नाही, बसणं नाही. वाटेत पेरांवर नावं फिरवू म्हटलं, तर जाऊ बाजूने म्हणाली, "तो टोपवाला बोलायचा तेव्हा, नाय?" आणि तिने तोंडाने टोप वाजवला. आम्ही दोघी मांडवाच्या तोंडाशी येईपर्यंत खिदळत होतो.

मी पाटावर बसले. समोर नवरी. एका हाताला सूप घेतलेली सवाशीण, ती थोरल्याची बायको. मैत्रीण घराच्या दारात, आतल्या बाजूला. पांढरट लुगडं. मला तिचा अर्धा चेहरा दिसत होता.

देव नीट बोलावले. पणजा झाला, पणजी झाली. आजा, आजी. मैत्रिणीचा सासरा झाला. सासू झाली. पेर पुढे सरकलं आणि त्या पेरावर काहीच नव्हतं. गळा आपला चालू होता, सूर धरून. मी तसाच सूर ओढला आणि पुढच्या पेरावर गेले. पुढे चुलत घराण्यातली माणसं होती, ती घेतली. मग शेवटची ओळ येते. ती सगळ्या लग्नांत असते. राहिलेसाहिले, वाटेवरचे, पाण्यातले, नाव नसलेले, तुम्हीही या. बेवारशी मेलेल्यांसाठी आहे ती ओळ. ती तोंडात असतानाच मला आठवलं की मुलीच्या बापाला मी घेतलं नाही.

तेव्हा मला थांबता आलं असतं. आत्या एकदा थांबली होती. भर मांडवात म्हणाली होती, "थांबा, माझं चुकलं," आणि मागे जाऊन नाव घेतलं होतं. कोणी तिचा मान कमी केला नव्हता. पण आत्याचं चुकलं ते म्हातारपणाने. माझं का चुकलं ते मला ठाऊक होतं आणि बाजूला बसलेल्या जावेलाही. मी थांबले नाही. राहिल्यासाहिल्यांत तोही आला, असं मनात म्हटलं आणि धवला पुरा केला. थोरल्याच्या बायकोने शेवटची चिमूट सुपात टाकली.

मी दाराकडे पाहिलं. मैत्रीण तिथे नव्हती.

हळद चालू झाली. बायका हसत होत्या, नवरीला माखत होत्या. मी पुढचे धवले म्हणत राहिले. आवाज चांगला लागला होता. एक बाई म्हणालीही, "घसा बसला असं म्हणत होते, हिच्या गळ्यात तर आज कोकिळा बसलीय."

हळद उरकल्यावर मैत्रिणीने मला मागच्या पडवीत बोलावलं. कोपऱ्यात पितळेचा एक गडू झाकून ठेवला होता. "दुपारी तुझ्यासाठी मिरीचा काढा धाडला होता," ती म्हणाली. "शेजारची पोरगी परत घेऊन आली. तुझ्या दाराला कुलूप होतं."

मी गडूवरचं झाकण सरळ केलं.

"थोरल्यानं बोलावून नेलं होतं ना तुला?" ती म्हणाली. "कुठे नेलं? काय बोलला? नाव घेतलंस तर मांडवातून उठेन असं बोलला?"

मला वाटलं होतं ती मला शिव्या देईल. त्या मी खाल्ल्या असत्या. तिने मला एक वाट काढून दिली आणि मी त्या वाटेने गेले. मी खाली मान घातली. हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही. तिच्या डोळ्यातून पाणी आलं आणि तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुझा काय दोष गो. तू तरी काय करशील, तुला याच गावात राहायचंय."

दुसऱ्या दिवशी लग्न. कन्यादानाची वेळ आली. थोरला आणि त्याची बायको न्हाऊन, उपाशी, नवे कपडे घालून तयार होते. मैत्रीण पुढे आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "माझा भाऊ बसेल."

भटजी म्हणाला, "काका बसायचे ठरले होते ना?"

"मामा बसेल," ती म्हणाली. "काकाला तिचा बाप नको आहे, तर मग पोरगीही नको."

थोरल्याचं तोंड मी पाहिलं. तो चिडला नाही. त्याला काही कळलंच नाही. तो एकदा बायकोकडे, एकदा धाकट्या भावाकडे बघत होता. मग पाटावरून उठला, बायकोला घेऊन मांडवातून निघून गेला. पाठोपाठ त्याची मुलं गेली. मी पाटावर बसले होते आणि माझ्या पुढ्यात धवलारणीच्या मानाचं नवं लुगडं ठेवलेलं होतं. त्याचा रंग मोरपिशी. मी ते घेऊन घरी आले. फाटेपर्यंत नेसले.

जाऊ एकदा म्हणाली, "सांगून टाकायला हवं होतं."

"काय सांगू? पिक्चरला गेले होते म्हणून?"

"तेच खरं आहे ना."

"तू सांग मग."

तिने सांगितलं नाही. तिलाही तिच्या सासऱ्याची भीती होती, तोच माझाही सासरा. पुढे आम्ही दोघींनी सिनेमाला जाणं सोडलं. घरी टीव्ही आला होता.

त्यानंतर गाव भराभर बदललं. शेतं गेली, त्यांवर इमारती आल्या. थोरला आपला वाटा घेऊन डोंबिवलीला फ्लॅटमध्ये गेला. लोक म्हणाले, वहिनीने भर मांडवात उठवलं, गावात कोणत्या तोंडाने राहणार. धाकटा कल्याणला गेला. मैत्रीण तिथेच राहिली. आणि माझ्याशी ती आधीपेक्षा जास्त चांगली वागू लागली, याचा मला जाच होता. सणाला करंज्या पाठवायची. माझा नवरा आजारी होता तेव्हा सव्वा महिना रोज भाकरी करून द्यायची. बसली की नवऱ्याच्या गोष्टी सांगायची. तो वल्हवताना कसा शिट्टी घालायचा, त्याला आंबट कसं चालायचं नाही, भांडला की कसा चूळ भरायला बाहेर जाऊन बसायचा. माझ्यापाशीच सांगायची, कारण तिच्या मते मी तिच्या बाजूची होते आणि मला गप्प बसवलं गेलं होतं. मी ऐकायचे. बरं, मी एरवी काही हळवी बाई नाही. सासू गेली तेव्हा मी रडले नाही. पण ती बोलायला लागली की मला उठून जावंसं वाटे आणि उठताही येत नसे.

असं नऊ-दहा वर्षं चाललं. मग तिच्या मुलाचं लग्न ठरलं, कोपरीची मुलगी. ती माझ्याकडे आली. या वेळी मी दारात कोलंबी सोलत होते, ती आली तशी बसली आणि तीही सोलायला लागली.

"बोलावणं तूच म्हणायचं," ती म्हणाली. "दिरांना मी पत्रिकाच देत नाय. म्हणजे तुला कोणाची भीती नको. त्या वेळी राहिलं ते आता पुरं कर."

मी दोन कोलंब्या सोलल्या. मग म्हणाले, "थोरल्याने मला काही सांगितलं नव्हतं."

"आता कशाला झाकतेस त्याचं?"

"झाकत नाही. त्याने फक्त विचारलं होतं, नावं कोणती घेणार. मी विसरले."

"तू?"

"मी बसले नव्हते त्या दिवशी. दिवा लावून बसतात ते. मी दुपारी पिक्चरला गेले होते."

तिचा हात थांबला. "कसला पिक्चर?"

"उडणाऱ्या माणसाचा. दुसरा भाग."

"घसा बसला होता तुझा."

"नव्हता बसला."

कावळा आला, तिने त्याला हाकललं. मग म्हणाली, "चांगला होता?"

"काय?"

"पिक्चर."

"बरा होता. हसायला आलं. आता आठवत नाही."

"आठवत पण नाय," ती म्हणाली. सोललेल्या कोलंबीचा वाटा तिने माझ्या थाळीत ढकलला, हात पाण्यात बुडवले, पदराला पुसले. "मी त्याच्या भावाला मांडवातून उठवलं. उपाशी माणसाला. आणि तू बघत बसलीस."

"हो."

"जा आणि त्याला सांगून ये. मी नाय येणार. तू जा. मग मी पत्रिका पाठवेन."

मी दुसऱ्याच दिवशी डोंबिवलीला गेले. तिसरा मजला, दारावर तोरण. थोरला म्हातारा झाला होता, गुडघे धरून बसला होता. त्याच्या बायकोने मला ओळखलं आणि पाणी दिलं, पण बस म्हणाली नाही. मी उभ्यानेच सांगितलं. सुरुवातीला शब्द तोंडाबाहेर पडेनात. पिक्चर हा शब्द तर फारच जड गेला.

तो ऐकून म्हणाला, "मला ठाऊक होतं की मी काही बोललो नव्हतो. मग मी म्हटलं, धाकट्यानं तुला दम दिला असेल. आणि नाव माझ्यावर घातलं."

"त्याने नाही काही केलं, दादा."

"मी त्याच्याशी बोलत नाय तेव्हापासून. त्याच्या पोरीच्या बारशाला गेलो नाय." त्याने बायकोकडे पाहिलं. "ऐकलंस?"

"ऐकलं," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "सूप माझ्या हातात होतं. एक चिमूट कमी पडली ते मला कळलं होतं. मी पण म्हटलं, यांनीच सांगितलं असेल आणि मला सांगत नसतील. दहा वर्षं विचारलं नाय मी यांना."

थोरला तिच्याकडे बघत राहिला. त्या दोघांच्या मध्ये मी उभी होते. तिथून निघावं असं मला फार वाटलं. पण मी म्हणाले, "धाकट्याचा पत्ता द्या."

थोरल्याच्या सुनेने कागदावर पत्ता लिहून दिला. मी तशीच कल्याणला गेले. धाकटा दुकान बंद करून जेवायला आला होता. त्याला मी बसून सांगितलं. एकदा सांगून झालं होतं, त्यामुळे तोंड सुटलं होतं. मागच्या वाटेने कशा गेलो ते सांगितलं. टोपवाला सांगितला. धाकटा आधी चकित झाला, मग त्याला हसू आलं. "उडणाऱ्या माणसापायी?" तो म्हणाला, आणि मांडीवर थाप मारून हसला. आणि मीही हसले. त्याच्या मेलेल्या भावाचं राहिलेलं नाव, दोन घरांचं दहा वर्षांचं तोंड न बघणं, आणि आम्ही दोघं हसत होतो. मी ती गोष्ट रंगवून सांगत होते हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. आजवर मला कशाची लाज वाटली असेल तर त्या हसण्याची, पाटावर जे झालं त्याहूनही.

धाकट्याच्या बायकोने जेवायला थांब म्हटलं. मी थांबले नाही.

लग्नाला दोघे भाऊ आले. एकमेकांशी कामापुरतं बोलले. बोलावण्याला मैत्रिणीने कल्याणकडच्या गावातून दुसरी धवलारीण आणली होती, तरुण, गळ्यात चष्मा अडकवलेली, आणि तिच्याकडे वही होती. मला बरं वाटलं की वही होती. मी बायकांत मागे बसले. मैत्रिणीची सासू झाली, मग तिने मैत्रिणीच्या नवऱ्याचं नाव घेतलं, स्वच्छ, गावाच्या नावासकट. मैत्रीण दाराआडून बाहेर आली आणि मांडवाच्या कडेला, सगळ्यांना दिसेल अशी उभी राहिली. कोणीतरी तिला मागे हो म्हणायला तोंड उघडलं, थोरल्याच्या बायकोने त्या बाईचा हात दाबला. थोरला खुर्चीवर बसला होता. नाव ऐकल्यावर त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.

त्यानंतर मी कोणाच्या लग्नात धवले गायले नाही. कोणी मला बंदी केली नाही. विचारायला आलेल्यांना मी कारण सांगितलं, अगदी पिक्चरसकट, आणि ती माणसं अवघडून परत गेली. जाऊ म्हणते, एवढं सांगायची गरज काय. तिचंही बरोबर असेल.

मैत्रीण अजून आहे. आम्ही दोघीही आता लांब चालत नाही, पण ती संध्याकाळी येते, बसते. मुलांचं बोलतो, दुखण्यांचं बोलतो, इमारतीत पाणी येत नाही त्याचं बोलतो. माझ्यावर रागावलेली वाटत नाही. सणाला करंज्याही येतात. पण तो वल्हवताना काय करायचा, त्याला काय आवडायचं नाही, यातलं एक अक्षरही तिने त्या दिवसापासून माझ्यापुढे काढलेलं नाही. मी विचारत नाही. विचारायला मला तोंड नाही.